पिल्लाचे पुढचे पाय

लातूर जिल्हा झाला आणि गावातल्या प्रत्येक रिकामटेकड्या पोराला एकदम उत्साह आला. तोवर आम्ही उस्मानाबादचे. आता नवी कचेरी येणार, नवे साहेब येणार, आणि जिल्हा म्हटलं की पोलीसही नवे लागणार. भरती निघणार, ही बातमी गंजगोलाईतल्या चहाच्या टपऱ्यांवर रोज नव्यानं शिजायची. मी एकोणीस वर्षांचा होतो. बारावीला एकदा गटांगळी खाल्ली होती. वडिलांच्या आडतीवर बसून ज्वारीच्या पोत्यांकडं बघत जन्म काढायचा नाही, एवढं एकच मला पक्कं ठाऊक होतं.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू आणि आईला अव्वा. आप्पांना माझा बेत पसंत नव्हता. "आपल्यात कुणी काठी घेऊन हिंडलंय का?" एवढंच ते म्हणाले. "पळायचं तर पळ, पण आडतीवर नऊला हजर पायजे." मी दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला उठलो आणि बार्शीच्या रस्त्याला लागलो. स्वभाव तेव्हा असा होता की एकदा म्हटलं म्हणजे म्हटलं. त्याचा पुढे एका मुक्या जीवाला ताप झाला, आणि तेच इथं सांगायचं आहे.

त्या साली पावसानं डोळे वटारले होते. आषाढ कोरडा गेला, श्रावण लागला तरी आभाळ पांढरंच. धनगर मेंढरं घेऊन लांबच्या रानाकडं निघाले होते आणि जाताना जास्तीची कुत्री वाटून टाकत होते. आप्पा तुरीच्या व्यवहाराला उदगीरला गेले, ते येताना एसटीत मांडीवर पोतं घेऊन आले. पोत्यात पिल्लू होतं. कारवानी जातीचं, तीन महिन्यांचं, लांब पायांचं, भुऱ्या रंगाचं. आडतीच्या मागच्या गोदामात रात्री चोर पोती फाडून धान्य नेत होते, त्यावर राखण म्हणून ते आणलं होतं. नाव कुणी ठेवलं नाही. सगळे त्याला पिल्लूच म्हणत.

धनगरानं आप्पांना देताना बजावलं होतं की ह्या जातीला लई खाऊ घालायचं न्हाई, पोट सुटलं की कुत्रं गेलं. आप्पांनी हे घरी येऊन दोनदा सांगितलं. आमच्या घरात तर ते सांगायचीही गरज नव्हती. अव्वा आंघोळ करून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची, आणि ती होईपर्यंत घरात कुणाच्या तोंडात घास जात नसे. पिल्लू घरात आलं म्हणजे घरचंच, म्हणून त्यालाही तोच नियम. त्याला पहिला घास अकराला मिळायचा. ज्वारीची भाकरी पातळ ताकात कुस्करून. मग थेट दिवेलागणीला वरणाच्या पाण्यात आणखी अर्धी भाकरी. श्रावणातले सोमवार आम्ही सगळे धरायचो, तर सोमवारी पिल्लालाही उपास. संध्याकाळी आमच्या पानात भगर पडली की त्याच्याही वाटीत भगर. शेजारणी कौतुकानं बघायला यायच्या. अव्वा म्हणायची, "मागल्या जन्मीचं कुणीतरी जंगम असंल. बगा कसं गप बसून ऱ्हातंय." ते भुकेनं गप बसत होतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मला तर हे सगळं फारच योग्य वाटत होतं. भुकेलं कुत्रं जोरात पळतं, असं मी कुठंतरी ऐकलं होतं आणि ते माझ्या सोयीचं होतं. कारण पहाटे एकट्यानं पळायचा मला कंटाळा यायला लागला होता. आप्पांनी ताकीद दिली होती की पिल्लू रस्त्यावर न्यायचं नाही, ट्रकखाली जाईल. म्हणून मी मागच्या दारानं, सुतळीची दोरी लावून त्याला गुपचूप न्यायला लागलो. पहिल्या दिवशी ते उड्या मारत पहिल्या मैलाच्या दगडापर्यंत आलं. आठवड्यात दुसऱ्या दगडापर्यंत. मी मनात त्याचंही वेळापत्रक आखून टाकलं होतं. भरतीत मी निवडला जाणार, आणि तोवर लातुरात ह्याच्यासारखं पळणारं दुसरं कुत्रं नसणार.

पंधरा दिवसांनी ते वाटेत बसायला लागलं. मी दोरी ओढायचो. "ऊठ की लेका, एवढ्यात दमलास?" म्हणायचो. ते उठायचं. हीच गोष्ट मला आजही छळते. मी ओढलं की ते प्रत्येक वेळी उठायचं आणि माझ्या मागं पळायचं. एकदा तरी दात दाखवून गुरगुरलं असतं तर मी शहाणा झालो असतो. मी त्याला जिद्दीचं समजलो आणि तिसऱ्या दगडापर्यंत नेऊ लागलो. तेव्हा ते चार महिन्यांचं होतं.

श्रावण संपता संपता एका सकाळी ते जागेवरून उठेना. अव्वानं ताकाची वाटी पुढं ठेवली तेव्हा धडपडत उभं राहिलं, आणि आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. पुढचे दोन्ही पाय धनुकलीसारखे बाहेरच्या बाजूला वाकले होते. मनगटाच्या जागी गाठी आल्या होत्या आणि पंजे पसरून जमिनीला टेकत होते. घरातल्या शहाबादी फरशीवर दोन पावलं टाकली की पाय चारी दिशांना जायचे आणि ते हनुवटीवर पडायचं. मला कारण लगेच कळलं होतं, आणि लगेचच मी ते गिळून टाकलं.

आप्पा खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पांगळं कुत्रं राखण कसली करतंय. दसऱ्यापर्यंत बगू. न्हाई सरळ झालं तर शेताकडं धाडू." आमच्या शेतातली विहीर वैशाखातच आटली होती, सालगडी बायकापोरांसह सोलापूरकडं कामाला गेला होता. शेताकडं धाडायचं म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

नव्या जिल्ह्याबरोबर जनावरांच्या दवाखान्यालाही नवे डॉक्टर आले होते, नांदेडहून बदलून. मी सायकलच्या कॅरिअरला टोपली बांधली, टोपलीत पिल्लू, आणि अव्वा टोपलीला हात लावून शेजारून चालत. दवाखान्याच्या आवारात बरगड्या मोजता येतील अशा गाई-बैलांची रांग लागली होती. त्या रांगेत कुत्र्याचं पिल्लू घेऊन उभं राहायची मला लाज वाटत होती. अव्वाला वाटत नव्हती. तिनं पदर खोचला आणि आमचा नंबर येईपर्यंत जागा सोडली नाही.

डॉक्टर तरुणच होते. त्यांनी गाठी दाबून बघितल्या, पिल्लू कळवळलं. "काय खायला घालता ह्याला?" त्यांनी विचारलं. अव्वानं सगळं सांगितलं. अकराची भाकरी, संध्याकाळची भाकरी, सोमवारची भगर. सोमवारचं ऐकल्यावर डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आई, वाढत्या पिल्लाला कुणी उपास घडवतं का? ह्याला दिवसातून चार वेळा खायला लागतं. नुसत्या भाकरीवर हाडं धरत नाहीत. मऊ पडलीत त्याची हाडं." मग ते माझ्याकडं वळले. माझ्या पायात कॅनव्हासचे बूट होते, भरतीसाठी घेतलेले. "आणि पळवता का ह्याला?"

"न्हाई," मी म्हणालो. "अंगणातच खेळतंय."

मी हे अव्वाच्या देखत म्हणालो. ती काही क्षण पिल्लाच्या कानामागं खाजवत राहिली. मग म्हणाली, "माझंच चुकलं डॉक्टरसाहेब. म्याच उपाशी ठेवलं त्येला. आता काय करायचं ते सांगा."

डॉक्टरांनी एकेक करून सांगितलं. चार वेळा थोडं थोडं खाणं. रोज दूध, रोज एक अंडं. हाडांसाठी पांढरी पूड कागदात बांधून दिली. सकाळचं कोवळं ऊन अंगाला लागू द्यायचं. गुळगुळीत फरशीवर चालू द्यायचं नाही. सकाळी पंधरा-वीस मिनिटं आणि संध्याकाळी तेवढीच, अशी मातीत चाल, तीही त्याच्या मर्जीनं. ते थांबलं की आपण थांबायचं. "पळणं मात्र वर्षाचं होईपर्यंत नाही. मोठ्या चणीच्या कुत्र्याचं हाड तोवर कच्चं असतं. कच्च्या हाडाला जो पळवील, तो त्याचा वैरी." ते हे कुणाला उद्देशून बोलले नाहीत. माझे कान मात्र तापले.

बाहेर आल्यावर अव्वा एवढंच म्हणाली, "अंड्याचं काय करायचं?"

हा खरा पेच होता. आमच्या घरात अंड्याचा शब्दसुद्धा जेवणाच्या वेळी कुणी काढत नसे. आप्पांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "उंबऱ्याच्या आत अंडं यायचं न्हाई. कुत्रं मेलं तरी चालंल."

"अंडं न्हाई यायचं," अव्वा म्हणाली. "कुत्रंच जाईल अंड्यापाशी."

मागच्या गल्लीत एक मुसलमान बाई राहायच्या, सगळे त्यांना खाला म्हणत. एकट्याच, गोधड्या शिवून पोट भरणाऱ्या. त्यांच्याकडं दोन शेळ्या आणि सात-आठ कोंबड्या होत्या. टँकरच्या रांगेत अव्वाची आणि त्यांची घागरीला घागर लागायची, बोलणं व्हायचं, पण एकमेकींच्या घरी जाणं-येणं नव्हतं. अव्वा त्या दिवशी दुपारी पिल्लाला काखेत मारून त्यांच्या दारात उभी राहिली. खालांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "बस इत्तीच बात? रोज इसकू लेके आव भाभी. नक्को फिकर करो." बदल्यात त्यांनी आडतीवरची फाटकी बारदानं मागितली, गोधडीच्या आत घालायला. तीही त्यांना हवी म्हणून की अव्वाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, मला सांगता येणार नाही.

मग रोज दुपारी हे ठरूनच गेलं. अव्वा पिल्लाला खालांच्या ओट्यावर सोडायची आणि स्वतः गल्लीकडं तोंड करून, पाठमोरी उभी राहायची. आत खाला उकडलेलं अंडं शेळीच्या दुधात कुस्करून द्यायच्या. वाटी चाटल्याचा आवाज थांबला की अव्वा वळायची, पिल्लाला उचलायची, आणि मागच्या दारातल्या दगडावर बसवून त्याचं तोंड धुवायची. दाढेपर्यंत बोट घालून, तांब्याभर पाण्यानं. तोंड धुतल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, हा तिनं आप्पांशी केलेला करार होता.

तांब्याभर पाणी, असं मी आज सहज लिहितो. त्या दिवसांत टँकर यायचा तेव्हा यायचा, आणि घरात प्रत्येकाला आंघोळीला अर्धी बादली ठरलेली होती. एका सकाळी मी पळून आलो तेव्हा अव्वा न्हाणीच्या बाहेर तिची अर्धी बादली घेऊन बसली होती. त्यातलं तांब्याभर पाणी तिनं आधी वेगळं काढून झाकून ठेवलं. मग आणखी एक तांब्या काढला, कारण आदल्या दिवशी पाणी कमी पडलं होतं. उरलेल्यात पंचा भिजवून ती आत गेली. आंघोळीशिवाय लिंगाला हात न लावणारी बाई कुत्र्याच्या तोंडासाठी ओल्या पंच्यावर भागवत होती, आणि तेही स्वतःच्या चुकीची फेड म्हणून. अर्धी चूक तर माझी होती. अर्धीहून जास्तच. मला स्वतःची शरम वाटली. तरीही मी तोंड उघडलं नाही. आप्पांना कळलं तर पळणं बंद होईल, ही भीती शरमेपेक्षा मोठी निघाली.

बोलता येत नव्हतं म्हणून मी हात चालवायला घेतले. पिल्लू दसऱ्याला सरळ उभं राहिलंच पाहिजे, असं मी मनाशी घोकत होतो. गोदामातली रिकामी पोती उसवून, दाभणानं एकमेकांना शिवून, सोप्यापासून मागच्या दारापर्यंत सगळ्या शहाबादी फरशीवर अंथरली. आप्पा पहिल्या दिवशी अडखळले, शिव्या दिल्या, पण उचलायला लावली नाहीत. पहाटे पाचला मी एकटा पळायचो. परत आलो की घाम पुसायच्या आधी पिल्लाला चालवायला न्यायचो.

ह्या चालवण्यानं मला जितका घाम फोडला तितका पळण्यानं नाही फोडला. ते दहा पावलं चालायचं आणि एखाद्या बाभळीच्या बुंध्याशी थांबायचं. हुंगायचं. तिथंच बसायचं. मी दोरी हातात घेऊन उभा. ओढायची नाही, असं मी स्वतःला बजावलेलं. रस्त्यानं जाणारे भरतीचे सोबती ओरडून जायचे, "काय रे, कुत्र्याची भरती करायलास का?" मी दात-ओठ खात उभा राहायचो. ते आपणहून उठलं की निघायचो. दोन्ही वेळा वीस-वीस मिनिटं, एकही मिनिट जास्त नाही. माझ्यासारख्या माणसाला कुणाच्या तरी मर्जीनं थांबायला शिकवणं सोपं काम नव्हतं, ते त्या पिल्लानं केलं.

पहिले पंधरा दिवस काहीच फरक पडला नाही. उलट गाठी वाढल्यासारख्या वाटायच्या. आप्पा रोज आडतीवरून आल्यावर पायताण काढता काढता तिरक्या नजरेनं त्याचे पाय बघायचे आणि आत जायचे. गणपती बसले, उठले. पितरं संपत आली. मग एक दिवस टँकरचा हॉर्न वाजला आणि पिल्लू पोत्यांवरून धावत दारापर्यंत गेलं, न पडता. अव्वा घागर तिथंच ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. त्या दिवशी रांगेत आमचा नंबर शेवटचा लागला, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

नवरात्रात गाठी उतरल्या. उजवा पाय सरळ झाला. डावा जवळजवळ सरळ, पंजा तेवढा जरा बाहेर वळलेला, आणि तो शेवटपर्यंत तसाच राहिला. दसऱ्याला आडतीवर काट्याची पूजा असते. आप्पांनी काटा-मापं धुऊन मांडली, झेंडू वाहिला, तीन बोटांनी भस्माचे पट्टे ओढले. मी पिल्लाला ओट्यावर आणून उभं केलं होतं. आप्पांनी पिल्लाला समोरून बघितलं, बाजूनं बघितलं. एक बोट त्या वळलेल्या पंजाखाली घालून बघितलं. मग ताटलीत परत बोटं बुडवली आणि त्याच्या कपाळावर भस्म ओढलं. "बांध गोदामापाशी," ते म्हणाले. "आन् पोतं टाक खाली."

दिवाळी झाल्यावर भरती निघाली. मी पळण्यात निघालो, छातीच्या मापात कसाबसा निघालो, आणि यादीत नाव आलं. आधी बाहेरगावी ट्रेनिंग, मग नेमणूक. निघायच्या दिवशी अव्वा चुलीपुढं बसून वाटेसाठी दशम्या करत होती. आप्पा आडतीवर होते. घरात आम्ही दोघंच, आणि दारात पिल्लू, आता गुडघ्याएवढं झालेलं. तिच्यावर हे ओझं ठेवून जायचं नाही, असं मी रात्रीच ठरवलं होतं.

"अव्वा, त्याचे पाय माझ्यामुळं वाकले होते," मी म्हणालो. "मी रोज पहाटे त्याला पळवत होतो. तिसऱ्या दगडापर्यंत. डॉक्टरांपुढं मी खोटं बोललो."

तिनं दशमी तव्यावर उलटली. "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. तू धापा टाकत यायचास, तुझ्या मागं तेबी धापा टाकत येऊन पडायचं. मला काय डोळे न्हाईत? मलाबी वाटलं, पळंल तर पाय घट होतील."

"मग दवाखान्यात सगळं तू आपल्यावर का घेतलंस?"

तिनं दशमी काढून फडक्यावर ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. "तुझं नाव निघालं असतं तर आप्पांनी दुसऱ्या दिवशी तुझे बूट चुलीत घातले असते. कुत्र्याचे पाय नीट करायला मी होते. तुझी भरती कुणी करून दिली असती?"

ती दशम्या मोजून फडक्यात बांधू लागली. मग हात पुसून उठली, तांब्या भरून मागच्या दगडावर झाकून ठेवला, आणि पिल्लाला हाक मारून खालांच्या गल्लीकडं निघाली. त्याच्या दुपारच्या खाण्याची वेळ झाली होती.